दोन शाळा, एक कांदा: प्राथमिक वर्गांचा पहिला ऑनलाइन जोडप्रकल्प कसा उभा करायचा

दोन शाळांनी मिळून ऑनलाइन प्रकल्प करायचा म्हटलं की शिक्षकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो, "कुठलं ॲप घ्यायचं?" हा प्रश्न बराच नंतरचा. आधी हे ठरवावं लागतं की या दोन वर्गांना एकमेकांची गरज काय.

त्याची एक सोपी कसोटी आहे. समजा, समोरची शाळा दोन आठवड्यांनी गळाली. तुमचं काम अडतं का? अडत नसेल तर तो जोडप्रकल्प नव्हे. 'आमच्या गावचा सण' आणि 'तुमच्या गावचा सण' असे तक्ते एकमेकांना पाठवायचे, टाळ्या वाजवायच्या, फोटो ग्रुपवर टाकायचे, यात वाईट काही नाही. पण त्यात मुलं समोरच्या वर्गाची वाट पाहत नाहीत. मुलांनी वर्गात शिरताशिरता "बाई, त्यांचा आकडा आला का?" असं विचारायला हवं. सगळी मांडणी त्या एका प्रश्नासाठी करायची आहे.

ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाच्या खेड्यातल्या शिक्षकाने वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं आणि १९२६ मध्ये त्याच्या वर्गातली मुलं दूर ब्रिटनीतल्या एका शाळेशी स्वतः छापलेल्या मजकुराची देवाणघेवाण करू लागली. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड हे त्यांचं काम बहुतेकांना माहीत असतं. आपल्या मुलांची इतर देशांतल्या मुलांशी ऑनलाइन गाठ घालून देण्याचं कामही त्यांनी केलं आहे. पण सुरुवात परदेशापासून करू नका. वेळेचा फरक, भाषा, त्यांच्या सुट्ट्या, आपल्या सुट्ट्या. पहिला जोडीदार जिल्ह्यातलाच बरा.

पुढचं सगळं तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी आहे. साहित्य म्हणून शिक्षकाचा एक स्मार्टफोन आणि अधूनमधून येणारी रेंज एवढंच गृहीत धरलं आहे. शाळेत टीव्ही, टॅब किंवा प्रोजेक्टर असेल तर उत्तमच.

पहिली पायरी: अर्धं उत्तर समोरच्या शाळेकडे असेल असा प्रश्न

नाशिक जिल्ह्यात असे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. तालुके १५, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. इगतपुरीत पावसाने कपडे वाळत नाहीत तेव्हा येवला-नांदगावात आभाळाकडे डोळे लागलेले असतात. मालेगावला यंत्रमाग, येवल्याला पैठणीचे माग. बागलाणात अहिराणी कानावर पडते, सुरगाण्यात कोकणा. यातला कुठलाही फरक घ्या, त्यात एक प्रकल्प दडलेला आहे.

या लेखात उदाहरणासाठी कांदा घेऊ. एक वर्ग लासलगावच्या आसपासच्या गावातला, दुसरा नाशिक शहरातला, म्हणजे सिडको, पंचवटी, नाशिक रोड, कुठलाही. दोघांमध्ये साठेक किलोमीटरचं अंतर. प्रश्न असा: लिलावातला कांद्याचा भाव आणि शहरातल्या हातगाडीवरचा भाव यांत किलोमागे किती फरक असतो, आणि तो फरक कशाकशाचा?

पहिला आकडा गावच्या मुलांकडे, दुसरा शहरातल्या मुलांकडे. एक नसेल तर वजाबाकीच करता येत नाही. शिवाय रोज एकच आकडा पाठवायचा असतो, त्यामुळे रेंज दोन काड्यांची असली तरी काम चालतं. क्विंटलचं किलोत रूपांतर, वजाबाकी, सरासरी, स्तंभालेख, मुलाखतीचे प्रश्न तयार करणं हे सगळं गणित, भाषा आणि परिसर अभ्यासात बसतं. म्हणजे "अभ्यासक्रम कधी संपवायचा?" या प्रश्नाला मुख्याध्यापकांसमोर उत्तर तयार असतं.

दुसरी पायरी: जोडीदार शिक्षक

जोडीदार शोधायला कुठल्याही संकेतस्थळावर नोंदणी करायची गरज नाही. डी.एड.ची बॅच, केंद्राची शिक्षण परिषद, आणि सगळ्यात मोठा साठा म्हणजे बदलीने दूर गेलेले सहकारी. बदल्यांनी आपले इतके लोक जिल्हाभर पसरवून ठेवले आहेत, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

उत्साही माणसापेक्षा वेळेवर उत्तर देणारा माणूस निवडा. पहिला निरोप थोडक्यात आणि नेमका असू द्या. उदाहरणार्थ:

"नमस्कार मॅडम. माझ्या चौथीच्या वर्गाला तुमच्या चौथीबरोबर चार आठवड्यांचा एक छोटा प्रकल्प करायचा आहे. आमची मुलं रोज लासलगावचा कांद्याचा सरासरी भाव कळवतील, तुमच्या मुलांनी गाडीवरचा भाव कळवायचा. रोजचं काम दहा मिनिटांचं. दोन व्हिडिओ कॉल, एक सुरुवातीला, एक शेवटी. जमेल का? जमत असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं बोलू."

यात कालावधी आहे, रोजचा वेळ आहे, कॉल किती ते आहे. "मिळून काहीतरी करू या" या निरोपाला सगळे "हो नक्की" म्हणतात आणि पुढे काही होत नाही.

शनिवारच्या त्या बोलण्यात दोन्ही शाळांचं कॅलेंडर समोर घ्या. चाचण्या, स्थानिक यात्रा, प्रशिक्षणं, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामं. दोघांचेही मोकळे असे सलग चार आठवडे शोधा. दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका. सुट्टीनंतर धागा पुन्हा हाती लागत नाही.

तिसरी पायरी: मोजायचं काय ते ठरवा

नवखे शिक्षक या पायरीवर सगळ्यात कमी वेळ देतात. द्यायला हवा सगळ्यात जास्त.

"कांद्याचा भाव" म्हणजे नक्की काय? बाजार समितीत रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव निघतात. गावात चर्चा होते ती कमाल भावाची, कारण ज्याच्या ट्रॅक्टरला सगळ्यात जास्त भाव मिळाला त्याचीच गोष्ट पारावर सांगितली जाते. मुलं तोच आकडा आणतील. म्हणून आधीच ठरवा: आपण सरासरी भाव लिहिणार, आणि तो बाजार समितीच्या फलकावरून किंवा राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून घेणार. पणन मंडळ बाजार समित्यांचे रोजचे भाव प्रसिद्ध करतं.

मग कांदा कुठला? लाल की उन्हाळ? उन्हाळ कांदा उन्हाळ्यात निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, साठवून पुढे कित्येक महिने विकला जातो. लाल पावसाळ्यानंतर येतो आणि टिकत नाही. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने उन्हाळ लिहिला तर फरकाला अर्थ राहत नाही. हंगामाच्या सांध्यावर दोन्ही बाजारात असतात, तेव्हा तर फारच जपायला हवं.

शहराकडचेही नियम लागतात. भाव कुणाचा? रोज त्याच एका गाडीचा. घासाघीस करण्याआधीचा की नंतरचा? आधीचा. कांदा मध्यम आकाराचा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा नको. गाडीवर "शंभरला अडीच किलो" असं लिहिलेलं असेल तर किलोचा भाव काढून लिहायचा. मुलांना हे गणित फार आवडतं, कारण पुस्तकातली उदाहरणं अशी गाडीवर टांगलेली नसतात. शहरातली मुलं गंगाघाटावर बुधवारच्या बाजाराला घरच्यांबरोबर जात असतील तर तो भाव वेगळ्या रकान्यात लिहा. तो नेहमीच्या गाडीच्या आकड्यात मिसळू नका.

आणि लिलाव बंद असेल त्या दिवशी? रविवार, सण, संप, काहीही असो. रकान्यात 'बंद' असं लिहायचं. शून्य अजिबात नाही. कारण पुढे तक्त्यात सरासरीचं सूत्र टाकलं की ते अक्षरं सोडून देतं, पण शून्य मोजतं. दोन शून्यांनी आठवड्याची सरासरी कोसळते आणि मुलं "भाव पडला" म्हणून अहवाल लिहितात.

हे सगळे नियम एका कागदावर मुलांच्याच शब्दांत लिहा, दोन्ही वर्गांत भिंतीवर लावा. दोन्हीकडे मजकूर तंतोतंत एकच हवा.

एक मर्यादाही मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. आज लासलगावात विकला गेलेला कांदा आज संध्याकाळी सिडकोतल्या गाडीवर नसतो. गाडीवाल्या मावशींचा माल नाशिकच्या बाजार समितीतून किंवा पिंपळगावहून आलेला असू शकतो. म्हणजे आपण एका कांद्याचा पाठलाग करत नाही, दोन ठिकाणचे भाव शेजारी ठेवतो आहोत. चौथीच्या मुलांना हे समजतं. मोठ्यांना समजवायला जास्त वेळ लागतो.

चौथी पायरी: परवानगी आणि मुलांची ओळख झाकणं

मुख्याध्यापकांना लेखी कळवा, केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. पालकांची संमती पत्राने घ्यायची, पण पत्र नुसतं दप्तरात घालून पाठवू नका. पालक सभेत वाचून दाखवा. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: मुलं कुठल्या शाळेशी बोलणार, कशावरून बोलणार, काय साठवलं जाणार आणि ते कधी काढून टाकणार. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर आहे. व्हॉट्सॲपची स्वतःची वयोमर्यादा १३ आहे. तेव्हा प्राथमिकच्या मुलांचा ग्रुप काढायचा विचारच नको. व्हॉट्सॲप फक्त दोन शिक्षकांमध्ये.

मुलांची पूर्ण नावं कुठेही टाकू नका. पाच-सहा मुलांचे गट करा आणि त्यांना नद्यांची नावं द्या: दारणा, कादवा, गिरणा, मोसम, वालदेवी. तक्त्यात "आजचा भाव, गट गिरणा" एवढंच दिसलं पाहिजे. फोटोत हात, फलक, तराजू, वही दाखवा. चेहरे आणि गणवेशावरचा बिल्ला टाळा. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा.

याहून नाजूक गोष्ट वेगळीच आहे. गावच्या वर्गात "तुझ्या पप्पांना काय भाव मिळाला?" हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही. समोरच्या शाळेनेही नाही, आणि तुम्हीही नाही. भाव पडलेल्या आठवड्यात त्या घरात काय चाललं असेल हे आपल्याला ठाऊक नसतं. आकडा बाजार समितीचाच घ्यायचा. शहरातही तसंच: वर्गात एखाद्याची आई भाजी विकत असेल तर तिच्या नफ्यावर बोट ठेवून वजाबाकी मांडली जाऊ नये. गाडी शाळेच्या बाहेरची, कुणाच्याही घरची नसलेली निवडा.

पाचवी पायरी: आता साधनं

इथवर आल्यावर ॲपचा प्रश्न जवळजवळ सुटलेला असतो. आकड्यांसाठी गूगल शीट्स, भेटीसाठी गूगल मीट, शेवटच्या मांडणीसाठी गूगल स्लाइड्स, आणि शिक्षकांच्या आपसातल्या बोलण्यासाठी व्हॉट्सॲप. एवढं पुरतं.

सुरुवातीला प्रकल्पासाठी एक वेगळं जीमेल खातं उघडा, तुमच्याच नावाने. मुलांची खाती उघडायची नाहीत. खाजगी खात्यावर काम केलं तर घरचे फोटो आणि वर्गाचे फोटो एकाच ठिकाणी जमा होतात आणि एक दिवस टीव्हीवर भलतंच काहीतरी उघडतं.

शीट्स ॲप उघडून अधिकच्या खुणेवर बोट ठेवा आणि नवा तक्ता घ्या. रकाने सातच: तारीख, लिलावाचा सरासरी भाव क्विंटलला, तोच किलोला, गाडीवरचा भाव किलोला, फरक, गावच्या गटाचा शेरा, शहराच्या गटाचा शेरा. मग 'शेअर' वर जाऊन जोडीदार शिक्षकाचा ईमेल टाका आणि 'एडिटर' निवडा. 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय निवडू नका. ती लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. बघायला मुख्याध्यापकांना द्यायचा असेल तर त्यांना 'व्ह्यूअर' करा.

किलोच्या रकान्यात सूत्र टाका: क्विंटलचा रकाना भागिले १००. पण ते पहिल्या आठवड्यानंतर. पहिला आठवडा मुलांनी हाताने भागाकार करू दे, मगच यंत्राला सांगा. नाहीतर शंभराने भागताना दशांशचिन्ह का सरकतं हे शिकायची संधी सूत्र खाऊन टाकतं.

रेंज नसलेल्या शाळांसाठी: तक्त्याच्या तीन टिंबांच्या यादीत तो ऑफलाइन उपलब्ध ठेवण्याची सोय असते. ती चालू करा. शाळेत भरा, घरी जाताना रेंज आली की आपोआप जुळतं. दोघांनी एकाच चौकटीत लिहिलं तर शेवटचं लिहिलेलं उरतं, म्हणून रकाने वाटून घेतलेले बरे. संगणक मिळाला तर 'डेटा' मेनूतून समोरच्याचे रकाने कुलूपबंद करता येतात.

फोन मुलांच्या हातात द्यायचा असेल तर अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय आहे, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये सापडते. ती चालू करताना बाहेर पडायला पिन मागण्याचा पर्यायही निवडला की मूल तक्त्यातून बाहेर पडू शकत नाही आणि तुमच्या बँकेचे मेसेज वर्गात वाचले जात नाहीत.

फोटो आणि आवाज चिकटवायला पॅडलेट नावाची भिंत चांगली आहे. मुलांना खातं लागत नाही, आणि शिक्षकाने मंजूर केल्याशिवाय नोंद दिसणार नाही असं ठरवता येतं. फुकटात मोजक्याच भिंती मिळतात, पण पहिल्या प्रकल्पाला एक पुरते. ती नाही वापरली तरी काही अडत नाही.

एक सावधगिरी. जुन्या प्रशिक्षणांच्या पीडीएफमध्ये अजून जॅमबोर्ड आणि स्काइपच्या पायऱ्या सापडतात. जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद झाला, स्काइप मे २०२५ मध्ये. आजचं साधनही उद्या जाईल. म्हणून वर्गातल्या भिंतीवर कागदाचा मोठा तक्ता समांतर चालवा. वीज गेली, नेट गेलं, फोन दुरुस्तीला गेला तरी रोजचा आकडा कागदावर चढलाच पाहिजे. मुलं येताजाता बघतात तीही कागदाकडेच.

सहावी पायरी: पहिली भेट

पहिल्या कॉलला भाषणं ठेवू नका. स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, मनोगत यात पंधरा मिनिटं जातात आणि मुलं जांभया देतात. त्याऐवजी ओळखण्याचा खेळ खेळा. समोरची शाळा कुठली ते मुलांना सांगायचं नाही. प्रश्न विचारून ओळखायचं, आणि उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. "तुमच्या तालुक्यातून गोदावरी वाहते का?" "तुमच्या तालुक्यात रेल्वे स्टेशन आहे का?" या दोन्हींना दोन्ही बाजूंनी 'हो' येईल आणि मुलं चक्रावतील. मग कुणीतरी विचारेल, "तुमच्याकडे लिलाव होतो का?" किंवा "शाळेच्या वाटेवर सिग्नल लागतो का?" जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरून ठेवा. एक गट प्रश्न तयार करतो, एक नकाशावरचे तालुके खोडत जातो, एक उत्तरं लिहितो. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघत आलं आहे. शाळेच्या कपाटात असेल तर त्या दिवशी ते बाहेर काढा.

तांत्रिक बाजू थोडक्यात. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर फुकटात ६० मिनिटांची मर्यादा असते. तुमचे दोनच फोन जोडलेले असल्याने ती आड येत नाही. झूमला फुकटात ४० मिनिटं मिळतात. खेळाला पंचवीस-तीस मिनिटं भरपूर झाली.

आवाजाचं मात्र मनावर घ्या. चित्र अडखळलं तर चालतं, आवाज तुटला की वर्ग हातातून जातो. बोलणारं मूल फोनजवळ आलं पाहिजे. फोन घेऊन वर्गभर फिरू नका. समोरचे बोलत असताना आपला माइक बंद. स्पीकर जोडला असेल तर फोन त्याच्यापासून लांब ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते. शाळेवर पत्रे असतील तर पावसाळ्यात कॉलची वेळ ठरवण्यात अर्थ नाही. सर आली की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. अशा शाळांनी कॉलऐवजी आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. आदल्या दिवशी शाळेतूनच, त्याच वेळी, दोघा शिक्षकांनी पाच मिनिटांची चाचणी घ्या. घरच्या वायफायवर केलेली चाचणी काही सांगत नाही.

सातवी पायरी: रोजची दहा मिनिटं

परिपाठानंतरची वेळ उत्तम. त्या दिवशीचा गट आदल्या दिवशीचा भाव भिंतीवर आणि तक्त्यात चढवतो, समोरून आलेला आकडा मोठ्याने वाचतो, फरक काढतो. समजा लासलगावचा सरासरी भाव क्विंटलला १,८०० रुपये, म्हणजे किलोला १८. गाडीवर ३० रुपये. फरक १२. झालं काम.

दुसऱ्या आठवड्यात मुलं विचारतातच, "हे बारा रुपये गेले कुठे?" कुणी म्हणेल व्यापाऱ्याने खाल्ले. हे वाक्य फळ्यावर लिहा, पुसू नका, आणि प्रकल्पाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळा.

तो अर्धा मुलाखतींचा, आणि त्यात अदलाबदल आहे. गावची मुलं प्रश्न तयार करतात ते शहरातल्या गाडीवाल्या मावशींसाठी. शहरातली मुलं प्रश्न तयार करतात ते लिलावातल्या हमालांसाठी, व्यापाऱ्यासाठी, टेम्पोवाल्यासाठी. प्रश्न एका वर्गाचे, विचारायला जाणारे पाय दुसऱ्या वर्गाचे. आपल्या गावातली ओळखीची गोष्ट मुलं कधी विचारत नाहीत; ती बाहेरच्याने विचारली की त्यांनाही नवी वाटते. शहरातल्या मुलांना गोणी कोण शिवतं, वजन करणाऱ्याला पैसे कोण देतं, कांदा निवडतात म्हणजे काय करतात, असे प्रश्न पडतात. गावच्या मुलांना विचारायचं असतं की संध्याकाळी उरलेल्या कांद्याचं काय होतं, सडका किती निघतो, गाडी लावायचे पैसे द्यावे लागतात का.

प्रश्न सातच्या वर नेऊ नका. शिक्षकाने आधी जाऊन समोरच्या माणसाची परवानगी आणि सोयीची वेळ घ्यावी. लिलाव चालू असताना मुलांना आवारात नेऊ नका, ट्रॅक्टरांच्या गर्दीत ते धोक्याचं आहे. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, आधी विचारून. एखादा व्यापारी नफा सांगणार नाही. तिथे "सांगितलं नाही" असं लिहायचं. तेही उत्तरच आहे, आणि मुलांनी ते स्वतःच्या अंदाजाने भरायचं नाही.

रेकॉर्डिंग समोरच्या शाळेला पाठवताना दोन मिनिटांचे तुकडे करा. दहा मिनिटांची फाइल कमी रेंजमध्ये उतरत नाही आणि वर्गात कुणी ऐकतही नाही.

हे सगळं चालू असताना तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. आकडे रोज तेच ते वाटतात, जोडीदार शिक्षक प्रशिक्षणाला गेलेले असतात, दोन दिवस समोरून काहीच येत नाही. अशा वेळी मुलांना खोटं सांगू नका की नेट बंद होतं. त्यांनाच समोरच्या वर्गाला निरोप लिहू द्या: "तुमचा मंगळवारचा आकडा नाही, आमचा फरक अडला आहे." शिक्षकाने शिक्षकाला पाठवलेल्या आठवणीपेक्षा हा निरोप जास्त काम करतो.

आठवी पायरी: मिळून लिहिणं

शेवटच्या आठवड्यात एकच सामायिक स्लाइड्सची फाइल उघडा. दहा पानं पुरेत. मांडणी अशी करा की प्रत्येक पानावर दोन्ही वर्गांचा हात लागेल: शहराने घेतलेल्या मुलाखतीचं पान गावची मुलं लिहितील, कारण प्रश्न त्यांचे होते, आणि उलटही. आलेखाचं पान दोघांचं.

टायपिंगचा बाऊ करू नका. फोनच्या जीबोर्ड कळफलकावर मराठी निवडा, माइकच्या खुणेवर बोट ठेवा, मूल बोलेल ते अक्षरांत उमटतं. चुका येतील, त्या मुलांनीच शोधायच्या. पण बोलीतलं वाक्य प्रमाण मराठीत घासूनपुसून घेऊ नका. "कांदा लय सडतो म्हनून मावशी भाव वाढवती" हे वाक्य तसंच राहू दे.

सामायिक फाइलमध्ये कुणीतरी अख्खं पान पुसणारच. संगणकावर 'फाइल' मेनूतला आवृत्त्यांचा इतिहास उघडला की कालची प्रत परत आणता येते. हे मुलांना दाखवून ठेवा. पुसणाऱ्याचं रडणं थांबतं.

आता फळ्यावरच्या त्या वाक्याकडे या. हमाली, तोलाई, गोणी, गाडीभाडं, निवडीत निघालेला माल, वजनातली घट, मावशींची रोजी, आणि 'सांगितलं नाही'. दोन्ही वर्गांनी दुसऱ्या कॉलवर मिळून ठरवायचं की ते वाक्य ठेवायचं, बदलायचं की खोडायचं. वर्गांचं एकमत झालं नाही तर दोन्ही मतं स्लाइडवर लिहा. तुम्ही निकाल देऊ नका.

दुसरा प्रकल्प हवा असेल तर

जून-जुलैत पाऊस मोजा. इगतपुरीकडची एक शाळा, येवल्याकडची एक. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, तळाशी खडे आणि पाणी घालून शून्याची रेघ आखायची, बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. तोंड आणि बाटलीचं अंग यांची रुंदी एकच असली की पाण्याची वाढलेली उंची म्हणजेच पाऊस. हवामान खातं २४ तासांचा पाऊस सकाळी ८:३० ला मोजतं. तुम्हीही तीच वेळ पाळू शकलात तर वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून बघता येईल. रविवारी मोजलं नाही तर सोमवारचा आकडा 'दोन दिवसांचा मिळून' असा लिहा, अर्धा-अर्धा वाटू नका. इगतपुरीची बाटली एखाद्या रात्री भरून वाहील, तेव्हा 'भरून वाहिली, १५० पेक्षा जास्त' असं लिहायचं.

येवल्याची मुलं विचारतील, "तुमचा पाऊस आमच्या कालव्यात येतो का?" नकाशा काढा. इगतपुरीकडच्या दारणेचं पाणी गोदावरीला मिळतं, पण येवल्याकडचा पालखेडचा कालवा निघतो कादवेवरच्या धरणातून, दिंडोरी तालुक्यातून. दोन्ही नद्या शेवटी गोदावरीतच येतात. म्हणजे प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायला दिंडोरीतली तिसरी शाळा लागते.

शेवटची पायरी: आवराआवर

प्रकल्प संपला की फाइल तशीच उघडी सोडू नका. स्लाइड्सची पीडीएफ काढून दोन्ही शाळांत ठेवा, एक छापील प्रत वाचनकोपऱ्यात. ज्यांची मुलाखत घेतली त्या हमालदादांना आणि गाडीवाल्या मावशींना मुलांनी ते पान नेऊन दाखवावं. आवाजाच्या फाइल्स दोन्ही फोनवरून आणि ड्राइव्हवरून काढा, व्हॉट्सॲपच्या गॅलरीतही बघा, तिथे हमखास राहतात. पॅडलेटची भिंत केली असेल तर ती पुसा. तक्त्याच्या 'शेअर' मध्ये जाऊन सगळ्यांना 'व्ह्यूअर' करा. पालकांना दिलेल्या पत्रात काढून टाकायची जी तारीख लिहिली होती, तिच्या आत हे झालं पाहिजे. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली तर प्रकल्पाच्या खात्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्या, आणि जाताना नव्या शिक्षकाला जोडीदार मॅडमचा नंबर, त्यांना विचारून.